मातीच्या भट्टीची भेग बुजवूनही पुन्हा उघडते, तेव्हा काय तपासावे

मातीची भट्टी हौसेने किंवा कामासाठी बांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच असते. भिंत व्यवस्थित उभी राहते, वाळू लागते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरच्या काठापासून खाली उतरत गेलेली भेग दिसते. त्या भेगेत ओला चिखल दाबून वरून हात फिरवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तीच भेग त्याच जागी, बहुधा थोडी अधिक रुंद होऊन, पुन्हा उघडते. पुढच्या खेपेला चिखलात काड वाढवले जाते, त्याच्या पुढच्या खेपेला शेण वाढवले जाते, एखादा त्यात सिमेंटही घालून पाहतो. भेग मात्र हटत नाही.

पुढील विवेचन सुमारे मीटरभर उंचीची, आतून २५ ते ३० सेंटिमीटर व्यासाची, १५ ते २० सेंटिमीटर जाड भिंतीची आणि लाकडी कोळशावर चालणारी उभी लोहभट्टी, म्हणजे लोखंड गाळण्याची भट्टी, डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे. लोहारकामाची भट्टी, तांबे-पितळ वितळवण्याची भट्टी किंवा मडकी भाजण्याची लहान भट्टी यांनाही त्यातील बहुतेक भाग लागू पडतो. काड वाढवणे हा सर्वांना सर्वांत आधी सुचणारा उपाय आहे आणि माझ्या मते तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी केलेला उपाय असतो. दोष आधी मातीच्या जातीत आणि पाण्याच्या प्रमाणात शोधावा, मग बांधणीत आणि वाळवण्यात शोधावा आणि काडाकडे त्यानंतर वळावे. सिमेंटचा विचार तर सोडूनच द्यावा, कारण त्यातील बंध साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे मोडू लागतात आणि लोहभट्टीत हवेच्या नळीसमोरचे तापमान १२०० अंशांच्याही वर जाते.

भेग केव्हा पडली, हे आधी पाहावे

भेग कोठे आहे यापेक्षा ती केव्हा पडली हे अधिक सांगून जाते. भट्टी पेटवण्यापूर्वी, वाळतानाच पडलेली भेग ही आकुंचनाची भेग असते. चिखलातील पाणी निघून जाताना मातीचे कण जवळ येतात, भिंत लहान होते आणि जेथे तिला लहान होता येत नाही तेथे ती फाटते. पहिल्या जाळात, सुरुवातीच्या तासाभरात, फटफट आवाज होऊन आतून पापुद्रे उडाले तर भिंतीच्या गाभ्यात ओल शिल्लक होती असे समजावे, कारण पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १७०० पट होते आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्यास ती माती फोडून वाट काढते. भट्टी पूर्ण तापल्यावर भिंत आतून काचेसारखी चकाकू लागली, ओघळली किंवा फुगली, तर तो मातीच्या वितळण्याचा प्रश्न आहे आणि त्याचा वाळवण्याशी काहीही संबंध नाही. भट्टी थंड होऊन काही दिवस गेल्यावर भिंतीतून नखाएवढे टवके उडू लागले आणि प्रत्येक टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला, तर मातीत चुनखडीचे खडे राहिले आहेत.

या चार प्रकारांचे उपाय वेगवेगळे आहेत आणि कित्येकदा परस्परविरुद्धही आहेत. वाळतानाची भेग टाळण्यासाठी घातलेली बेसुमार वाळू, ती कोणत्या दगडाची आहे यावर अवलंबून, पुढे वितळण्याचे कारण ठरू शकते. म्हणून निदान करण्यापूर्वी उपाय करू नये.

मातीची जात

पुण्यात खोदकामाची माती सहज मिळते आणि ती बहुतेक वेळा काळी असते. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट गटाची चिकणमाती भरपूर असते. या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरते, थर एकमेकांपासून दूर जातात आणि माती फुगते; वाळताना नेमके उलट होते. उन्हाळ्यात शिरूर किंवा दौंडकडच्या रानात हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडलेल्या दिसतात, त्या याच गुणामुळे. जी माती मोकळ्या रानात अशी फाटते ती भट्टीच्या भिंतीत फाटणार नाही, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ती हाताला लोण्यासारखी लागते, भिंतीला सुरेख चिकटते आणि नवख्या माणसाला उत्तम वाटते, हीच तिची अडचण आहे. शिवाय तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. हे खडे भट्टीत साधारण ८५० ते ९०० अंशांवर भाजून कळीचा चुना होतात आणि थंड झाल्यावर हवेतील ओल शोषून फुगतात. वर सांगितलेले टवके त्यातूनच उडतात. चिमूटभर मातीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले तर चुना आहे असे समजावे.

सह्याद्रीच्या बाजूची तांबडी माती, म्हणजे मुळशी, वेल्हे, महाबळेश्वर या पट्ट्यातील जांभ्याच्या वळणाची माती, या कामासाठी बरीच बरी आहे. तिच्यात केओलिनाइट गटाचे प्रमाण अधिक असते, ती पाण्याने फारशी फुगत नाही आणि वाळताना कमी आक्रसते. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक पूर्वी लोखंड गाळत असत. त्यांच्या पायाखालीच धातुक (लोखंड असलेला दगड), कोळशासाठी झाड आणि भट्टीसाठी माती या तिन्ही गोष्टी होत्या. मात्र पुण्यातील रोपवाटिकांमध्ये ‘लाल माती’ म्हणून पोत्यात मिळते ती पाहून घ्यावी, कारण तिच्यात अनेकदा चाळलेला मुरूम जास्त आणि चिकणमाती नावापुरती असते, तर कधी खत आणि कोकोपीट आधीच मिसळलेले असते. नदीकाठची पोयटा माती गाळाची असल्यामुळे मऊ लागते, पण तिची भिंत भाजल्यावर ठिसूळ होते. तांबड्या मातीला जोड म्हणून ती चालते. गणपतीचा हंगाम संपल्यावर शाडूची पोती स्वस्तात मिळतात आणि ती भट्टीला वापरण्याचा मोह होतो. शाडू अतिशय बारीक असल्यामुळे एकट्याने वापरल्यास तडकतो, तरी भरपूर जाड चुरा (वाळू किंवा कुटलेल्या विटा) मिसळून बाहेरच्या भिंतीत खपवता येतो. ओतशाळांना लागणारे बेंटोनाइट चिकटपणासाठी घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. ती काळ्या मातीतील दोषी खनिजाचीच शुद्ध आवृत्ती आहे.

माती कोणतीही असो, दोन चाचण्या केल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिली बाटलीची. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोराने हलवून ठेवावी. वाळू मिनिटभरात खाली बसते, गाळ काही तासांत बसतो आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत वर थर धरते. थरांची उंची पट्टीने मोजली की मातीत काय आहे याचा ठोकळ अंदाज येतो. दुसरी चाचणी रेघेची असून माझ्या मते सर्व चाचण्यांत तीच निर्णायक आहे. ज्या मिश्रणाने प्रत्यक्ष भिंत बांधायची आहे त्याच मिश्रणाची बोटभर जाड, वीतभर लांब पट्टी करावी, तिच्यावर सुरीने बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात आणि ती तेल लावलेल्या फळीवर सावलीत वाळू द्यावी. पूर्ण वाळल्यावर खुणांमधील अंतर ९.६ सेंटिमीटर किंवा अधिक भरले, तर मिश्रण भिंतीला योग्य आहे. ते ९.४ च्या आसपास असेल तर चुरा वाढवावा. त्याहून कमी भरले तर त्या मातीचा हट्ट सोडावा. निरनिराळ्या प्रमाणांच्या पट्ट्या एकाच फळीवर, प्रत्येकीवर प्रमाण कोरून, शेजारी शेजारी वाळवल्या की कोणती पट्टी कडेने वाकली, कोणती मधे चिरली आणि कोणती सरळ राहिली हे एका दृष्टिक्षेपात कळते. या चाचणीला आठवडा जातो म्हणून ती टाळली जाते आणि मग भिंत पाडण्यात तेवढेच दिवस जातात.

वाळू की चुरा

येथे पुण्यापुरता एक विशेष मुद्दा आहे आणि त्याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. बांधकामासाठी आज येथे जी क्रश सँड मिळते ती खाणीतील बेसॉल्टचा चुरा असतो. आकुंचन कमी करण्याचे काम ती उत्तम करते. रेघेच्या चाचणीत तिची पट्टी हमखास उत्तीर्ण होते. परंतु बेसॉल्ट हा मुळात गोठलेला लाव्हा आहे आणि तो साधारण १००० ते १२५० अंशांच्या दरम्यान वितळतो. हवेच्या नळीजवळच्या भिंतीत क्रश सँड असली, तर भट्टी तापल्यावर भिंत आतून काळ्या काचेसारखी ओघळू लागते, नळीचे तोंड बुजते, हवा अडते आणि ‘भाता कमी पडला’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. बाहेरच्या निम्म्या जाडीत किंवा भट्टीच्या वरच्या तृतीयांशात क्रश सँड बिनधास्त वापरावी. आतल्या, तापत्या भागात मात्र ओतशाळांना पुरवली जाणारी सिलिका सँड किंवा विटांचा चुरा वापरावा. सिलिका वाळू ५७३ अंशांवर एकदम थोडी प्रसरण पावते, त्यामुळे त्या टप्प्यात आच घाईने वाढवू नये, एवढे पथ्य तिच्याबरोबर येते.

विटांचा चुरा मला वाळूपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो. तो एकदा भाजून आक्रसलेला असतो, म्हणून पुन्हा आक्रसत नाही, आणि त्याच्या खडबडीत कडांना माती धरून राहते. लोणी काळभोर, उरुळी या बाजूच्या वीटभट्ट्यांवर तुटक्या विटांचे ढीग असतात. त्यांतील नीट भाजलेल्या, टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणाऱ्या विटा घ्याव्यात आणि काळसर, फुगलेला खंगर टाळावा, कारण तो अर्धवट वितळून गेलेला असतो. चुरा ज्वारीच्या दाण्याएवढ्या कणांपासून रव्याएवढ्या कणांपर्यंत मिश्र असावा. नुसती पूड घातली तर तिला भिजवायला पाणी जास्त लागते आणि फायदा उलटतो. चाळताना नाकातोंडाला मास्क बांधावा आणि सिलिका वाळूच्या बाबतीत तरी ही सूचना गांभीर्याने घ्यावी, कारण तिची बारीक धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते.

काड, भुसा, लीद

काडाचे काम दोन प्रकारचे असते. ओल्या आणि वाळत्या भिंतीत ते धाग्यासारखे ताण घेते आणि एका मोठ्या भेगेऐवजी असंख्य सूक्ष्म भेगा पडू देते, ज्या निरुपद्रवी असतात. भट्टी तापल्यावर ते जळून जाते आणि त्याच्या जागी पोकळ नळ्या उरतात. त्यांतून उरलेली वाफ बाहेर पडते आणि भिंत उष्णता धरून ठेवते. म्हणजे आकुंचन कमी करणे हे काडाचे काम नाही. ते आकुंचनाचे परिणाम वाटून देते. आकुंचन कमी करतो तो चुरा. हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच आक्रसणाऱ्या मातीत काडावर काड घातले जाते आणि शेवटी हाताने दाबताच चुरगळणारी, धूर गळणारी भिंत हाती येते.

मावळ-मुळशीकडे भाताचा पेंढा मिळतो, शिरूर-बारामतीकडे गव्हाचे काड आणि भुसा मिळतो. ज्वारीचा कडबा जाड आणि गुळगुळीत असल्यामुळे माती त्याला धरत नाही, म्हणून तो टाळावा. काड तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे कापावे. लांब काडाचे गुंतून गोळे होतात आणि त्या गोळ्यांमध्ये माती शिरतच नाही. भुशात गव्हाचे दाणे राहिले असतील तर पावसाळी हवेत भिंतीवर हिरवे कोंब दिसतात. ते नुकसान करत नाहीत, पण भिंत अजून किती ओली आहे याची साक्ष मात्र देतात.

काड कोरडे घालणे हा पुन्हा पुन्हा दिसणारा आणि सहसा ओळखू न येणारा दोष आहे. कोरडे काड चिखलातील पाणी शोषून घेते, त्यामुळे तुडवता तुडवता चिखल घट्ट वाटू लागतो आणि त्यात आणखी पाणी ओतले जाते. तासाभराने काड भिजून स्थिरावले की तोच चिखल पातळ होतो, भिंत खाली बसते आणि वाळताना फाटते. काड आदल्या रात्री भिजत घालून सकाळी पिळून मग मिसळावे. भाताच्या तुसाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या राखेत सिलिका फार असते, ते बारीक आणि एकसारखे असते आणि आतल्या अस्तरासाठी काडापेक्षा अधिक सोयीचे पडते. तेलंगणातील कोनासमुद्रम येथील पोलादाच्या मुशींच्या मातीत भाताचे तूसच मिसळलेले असे. लाकडाची राख मात्र तापत्या भागात घालू नये; तिच्यातील क्षार मातीला लवकर वितळवतात.

कुंभार आपल्या मातीत घोड्याची लीद घालतात, त्यामागे अनुभव आहे. लीदीतील धागे आधीच चघळून बारीक झालेले असतात आणि ते चिखलात एकसारखे पसरतात. घोडेस्वारी शिकवणाऱ्या ठिकाणांच्या तबेल्यातून ती बहुधा फुकट मिळते. शेणाने चिखलाचा चिकटपणा आणि लिंपण्याची सोय वाढते, पण त्याचे प्रमाण जास्त झाले तर वाळताना तेही आक्रसते.

प्रमाणाबद्दल विचारले जाते म्हणून सांगतो: घमेल्याने मोजून तांबडी माती दोन, विटांचा चुरा किंवा वाळू दोन आणि सैल भरलेले भिजके काड एक ते दीड, शिवाय अर्धे घमेले लीद. हे प्रमाण केवळ सुरुवातीसाठी आहे. रेघेची चाचणी जे सांगेल त्याप्रमाणे ते बदलावे.

पाणी आणि पाय

चिखल किती ओला असावा हे शब्दांत सांगणे कठीण आहे, तरी एक खूण देता येते. मूठभर मिश्रणाचा गोळा करून छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर टाकावा. तो चपटा होऊन पसरला तर पाणी जास्त आहे. फुटून विखुरला तर पाणी किंवा माती कमी आहे. खालून किंचित बसून, कडेला एक-दोन बारीक चिरा पाडून, गोळा म्हणून शाबूत राहिला तर चिखल भिंतीला तयार आहे. हा चिखल पहिल्यांदा हाताला फारच कोरडा आणि हट्टी वाटतो आणि प्रत्येकाला त्यात तांब्याभर पाणी घालावेसे वाटते.

केशवनगरच्या कुंभारवाड्यात एका वयस्क कारागिरांकडे माती मळताना पाहत उभा होतो. त्यांनी ताडपत्रीवर मातीचा गोल पसरला होता. टाच रोवून, पाऊल किंचित फिरवून ते परिघाकडून मध्याकडे अरुंद आवर्तनात जात होते आणि प्रत्येक फेरीनंतर कडेची माती उचलून मधोमध उलटत होते. टाचेच्या खड्ड्यांच्या कडा सुरुवातीला चिरलेल्या दिसत होत्या. काही फेऱ्यांनी त्या सलग आणि तुळतुळीत झाल्या. मी म्हटले, “काका, घट्ट वाटतेय, थोडं पाणी मारायचं का?” त्यांनी वर न पाहताच सांगितले, “पाणी नका मारू, दादा. अजून तुडवली नाही ती.” आणखी दोन फेऱ्यांनंतर तीच माती, एक थेंबही न वाढवता, बोटाने दाबली जाईल एवढी मऊ झाली होती. पाणी प्रत्येक कणापर्यंत पोहोचवण्याचे काम पायाचे आहे, आणि ते न करता ओतलेले पाणी भिंतीत आकुंचन म्हणून परत भेटते.

तुडवलेला चिखल ओल्या गोणपाटाखाली तीन-चार दिवस, जमल्यास आठवडाभर, मुरू द्यावा. त्याला आंबूस वास सुटतो, रंग गडद होतो आणि तो अधिक चिवट होतो. सोसायटीच्या आवारात हे करणे शेजाऱ्यांना मानवणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

बांधणीतले दोष

चिखल उत्तम असूनही भेग पडत असेल तर आतला साचा पाहावा. पुष्कळजण प्लॅस्टिकचा पिंप किंवा पत्र्याचा डबा मधे ठेवून त्याभोवती भिंत रचतात आणि ती वाळेपर्यंत साचा आतच ठेवतात. भिंत आक्रसते, साचा आक्रसत नाही; मग भिंतीला फाटण्यावाचून पर्याय उरत नाही आणि ती वरून खाली सरळ रेषेत फाटते. साचा दबणारा असावा: वाळूने भरलेले पोते, ज्यातली वाळू दुसऱ्या दिवशी काढून घेता येते, किंवा सुतळीने सैल बांधलेला पेंढ्याचा भारा.

तळाशी पडणाऱ्या आडव्या भेगांचे कारण बहुधा जमीन असते. भिंतीचा पाया खडबडीत फरशीला चिकटून बसतो आणि वरचा भाग आक्रसताना त्याला ओढतो. खाली राखेचा किंवा कोरड्या वाळूचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर दिला की पाया सरकू शकतो. काँक्रीटवर भट्टी मांडूच नये. तापल्यावर त्याचे कपचे आवाज करून उडतात. मुरमाचा उंचवटा सर्वांत चांगला, त्यामुळे जमिनीची ओलही वर चढत नाही.

एका दिवसात वीतभर, फार तर २५ सेंटिमीटर उंची चढवावी आणि काम थांबवताना वरची कड बोटांनी खडबडीत करून ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावी. चिखलाचे गोळे एकमेकांवर नुसते ठेवू नयेत. प्रत्येक गोळा खालच्या थरात अंगठ्याने रेटून बसवावा. हवेच्या नळीभोवती किरणांसारख्या भेगा दिसतात, त्याचे कारण असे की आधीच भाजलेली नळी ओल्या भिंतीत बसवली जाते आणि भिंत तिच्याभोवती आवळली जाते. नळीचे भोक, तसेच मळी (लोखंड गाळताना वितळून वेगळा होणारा टाकाऊ भाग) काढण्याची खालची कमान, भिंतीवर बोटाचा ठसा उमटतो पण माती बोटाला लागत नाही अशा वेळी सुरीने कापावी. भोक नळीपेक्षा दोन बोटे मोठे ठेवावे आणि भट्टी पेटवण्याच्या दिवशी मधली फट घट्ट चिखलाने बंद करावी. कमानीचे कोपरे काटकोनात कापल्यास प्रत्येक कोपऱ्यातून भेग निघते, म्हणून ती गोलसरच असावी.

आक्रसण्याचा प्रश्न मुळातच टाळण्याचा जुना मार्गही आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे महापाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात लोखंड गाळण्याची जी भट्टी मिळाली ती मातीच्या वक्र विटांची होती. विटा आधी सुट्या वाळतात, जे काही आक्रसायचे ते तेव्हाच आक्रसतात आणि भिंतीत फक्त सांध्यांची माती ओली राहते. ज्यांना वेळेची घाई आहे किंवा ज्यांच्याजवळ काळ्या मातीशिवाय दुसरे काही नाही, त्यांनी एकसंध भिंतीचा नाद सोडून अशा विटा पाडाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाळवणे आणि पहिला जाळ

मार्च ते मे या काळात पुण्याची दुपारची हवा कमालीची कोरडी असते आणि पश्चिमेचा वारा सुटतो. त्या हवेत भिंतीची बाहेरची बाजू काही तासांत पांढुरकी पडते आणि गाभा ओला राहतो; बाहेरचे कवच आक्रसून आतल्या ओल्या मातीवर फाटते. भेगा पश्चिमेच्या अंगाला जास्त असतील तर दोष वाऱ्याचा आणि उन्हाचा आहे, मातीचा नाही. पहिले तीन-चार दिवस भट्टी सावलीत, ओलसर गोणपाटात गुंडाळून ठेवावी आणि नंतर गोणपाट हळूहळू वरून खाली काढत जावे. पावसाळ्यात उलट अडचण येते, भिंत आठवडेच्या आठवडे वाळत नाही आणि तिला बुरशी धरते. भट्टी बांधण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा.

बाहेरून कोरडी दिसणारी भिंत आतून कोरडी आहे असे मानू नये. दोन-तीन आठवड्यांनंतर आत मूठभर काटक्यांचा जाळ करावा आणि भट्टीच्या तोंडावर थंड आरसा किंवा स्टीलचे ताट क्षणभर धरावे. त्यावर ओलाव्याचा थर जमत असेल तर आच वाढवू नये, तशीच ठेवावी. लाकूड जळतानाही थोडी वाफ निर्माण होते, म्हणून ही परीक्षा ज्वाला विझून नुसते निखारे राहिल्यावर करणे अधिक खात्रीचे. भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग हाताला कोमट लागू लागला आणि ताट कोरडे निघाले की मगच मोठी लाकडे आणि शेवटी कोळसा घालावा. हा संथ जाळ चार-सहा तास चालतो, क्वचित दिवसभरही. हे सर्व उघड्यावर करावे. कोळशाच्या भट्टीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

आतली बाजू वितळत असल्यास

येथे एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. लोहभट्टीत नळीभोवतीची भिंत थोडीफार झिजणे आणि वितळणे स्वाभाविक आहे, किंबहुना भिंतीतील सिलिका मळी तयार होण्यास हातभारच लावते. एका गाळणीत, म्हणजे एकदा लोखंड गाळताना, बोटभर भिंत गेली तर चिंता करू नये. भिंतीला भोकच पडले किंवा वितळलेली माती नळीच्या तोंडावर साचली तरच तो दोष समजावा. तांबडी मातीसुद्धा येथे पूर्ण निर्दोष नाही, कारण तिच्यात लोह असते आणि भट्टीतील प्राणवायू कमी असलेल्या वातावरणात तेच लोह मातीला लवकर वितळवते. म्हणून नळीच्या खाली १० सेंटिमीटरपासून वर २० ते २५ सेंटिमीटरपर्यंतच्या पट्ट्यात आतून तीन-चार सेंटिमीटर जाडीचे वेगळे अस्तर द्यावे. त्यात फायर क्ले (जास्त उष्णता सोसणारी माती) एक भाग, सिलिका सँड किंवा फायर ब्रिकचा चुरा दोन भाग आणि भाताचे तूस अर्धा भाग असावा. हे अस्तर मुख्य भिंत ओली असतानाच, तिला दाबून बसवावे. भिंत वाळल्यानंतर गुळगुळीत पृष्ठभागावर थापलेले अस्तर पहिल्याच जाळात सबंध पापुद्र्यासारखे सुटून खाली येते.

पडलेली भेग कशी बुजवावी

वाळलेल्या भिंतीतील भेगेत ओला चिखल भरला की कोरडी भिंत त्यातील पाणी तत्काळ ओढून घेते, चिखल आक्रसतो आणि दोन्ही कडांपासून सुटतो. भेग त्याच जागी परत उघडते ती यामुळे. आधी भेग सुरीने खोदून आतून रुंद आणि तोंडाशी थोडी अरुंद करावी, सुटी माती ब्रशने झाडावी आणि कडा पाणी शिंपडून, ते मुरल्यावर पुन्हा शिंपडून, चांगल्या ओलवाव्यात. भरण्याचा चिखल मूळ मिश्रणाचाच, पण विटांच्या चुऱ्याचे प्रमाण दुप्पट केलेला आणि मुठीत दाबल्यावर जेमतेम गोळा धरणारा असावा. तो हाताने न भरता लाकडी काठीच्या टोकाने थोडा थोडा ठासावा आणि वर ओले फडके ठेवावे. दुसऱ्या दिवशी केसाएवढी चीर दिसली तर ती बोटाने दाबून बंद करावी, नवीन चिखल लावू नये.

भाजून झालेल्या भट्टीतील केसाएवढ्या भेगांना हात लावू नये. भट्टी तापली की त्यांतील पुष्कळशा मिटतात. धूर किंवा ज्वाला बाहेर येत असेल तरच बाहेरून चिखलाचा पट्टा मारावा आणि तो पट्टा भट्टी चालू असतानाही मारता येतो, म्हणून झाकलेल्या घमेल्यात थोडा घट्ट चिखल शेजारी तयार ठेवावा. भेग भिंतीच्या आरपार गेली असेल आणि तिच्या दोन बाजू एकमेकींपासून हलत असतील, तर तिच्यावर वेळ घालवू नये. बाहेरून तारेचे दोन-तीन वेढे आवळून एक गाळणी काढता येते. त्यानंतर भट्टी पाडावी. पाडलेल्या भिंतीचा लाल भाजलेला भाग कुटून चाळला की पुढच्या भट्टीसाठी उत्तम चुरा मिळतो. आतली काळी, काचेसारखी झालेली ढेकळे मात्र वेचून बाजूला काढावीत, ती चुऱ्यात गेली तर नवे अस्तरही त्याच जागी वितळू लागते.